ड्युप्लेक्सर, पुनर्विन्यासक्षम

रेडिओ प्रेषक व ग्राही या दोहोंना एकच आकाशक (विद्युत् चुंबकीय तरंग अवकाशात सोडणारे वा अवकाशातून घेणारे साधन) एकाच वेळी वापरता यावा यासाठी या तिहींच्या मध्ये जे विद्युत् मंडल बसविलेले असते, त्याला ड्युप्लेक्सर म्हणतात. भ्रमणध्वनीवर आपण बोलत असतानाच पलीकडच्या माणसाचे बोलणे ऐकू शकतो, ती सोय बव्हंशी या मंडलाची आहे. प्रेषकाची शक्ती आकाशकाकडे जावी, आकाशकाने पकडलेला संकेत ग्राहीकडे जावा आणि प्रेषकाची शक्ती ग्राहीत मात्र शिरू नये, अशी त्याच्याकडून तिहेरी अपेक्षा असते. ज्या ड्युप्लेक्सरचे कंप्रतापट्टे (कंप्रता म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) कारखान्यात कायमचे ठरून गेलेले नसून वापर चालू असताना विद्युत् नियंत्रणाने बदलता येतात, त्यास पुनर्विन्यासक्षम म्हणतात. कंप्रता बदलता येणे आणि संकेताचा ऱ्हास कमी असणे या दोन गुणांचे परस्परांशी वैर आहे. ते का आहे व अभियंत्यांनी ते कसकसे सौम्य केले आहे, हा प्रस्तुत नोंदीचा विषय होय. उदाहरणे मुख्यत्वे वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांतून घेतली आहेत. कारण मेळघाटातील डोंगरदऱ्या आणि अकोल्याचा वैशाखातील उन्हाळा या दोन्ही गोष्टी ड्युप्लेक्सरची कसून परीक्षा पाहतात.

इतिहास : प्रेषण व ग्रहण यांसाठी एकच आकाशक वापरण्याची गरज प्रथम रडारमध्ये तीव्रतेने भासली. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत १९३६ मध्ये यासाठीचे मंडल तयार झाले. दुसऱ्या महायुद्धातील रडारमध्ये वायूने भरलेली नलिका वापरीत. प्रेषकाचा जोरदार स्पंद येताच नलिकेतील वायूचे आयनीभवन (विद्युत् भारित कणांत रूपांतर) होऊन ग्राहीकडील वाट आपोआप बंद पडे व स्पंद संपताच ती पुन्हा खुली होई. रडारमध्ये प्रेषण आधी व ग्रहण नंतर होते, म्हणून हे जमते. दूरध्वनीत दोन्ही क्रिया एकाच वेळी चालतात; तेथे त्यांना काळाने नव्हे, तर कंप्रतेने वेगळे करावे लागते. उदा., ९०० मेगॅहर्ट्‌झच्या मूळ पट्ट्यात भ्रमणध्वनी ८९० ते ९१५ मेगॅहर्ट्‌झमध्ये प्रेषण करतो, तर मनोरा ९३५ ते ९६० मेगॅहर्ट्‌झमध्ये. त्यामुळे येथील ड्युप्लेक्सर म्हणजे एका टोकाशी जोडलेल्या दोन छानकांची (ज्यांना व्यवहारात फिल्टर म्हणतात, त्यांची) जोडी असते : एक छानक प्रेषणाचा पट्टा जाऊ देतो, दुसरा ग्रहणाचा.

ऱ्हासाचे मोजमाप व त्याची किंमत : ड्युप्लेक्सरमधून जाताना संकेताची जी शक्ती उष्णतारूपाने वाया जाते अथवा आल्या वाटेने परत फिरते, तिला निवेशन ऱ्हास म्हणतात. तो डेसिबेल या लघुगणकीय एककात मोजतात. १ डेसिबेल ऱ्हास म्हणजे सु. २१ टक्के शक्ती गमावणे व ३ डेसिबेल म्हणजे निम्मी शक्ती गमावणे होय. सर्वसाधारण भ्रमणध्वनीने आकाशकाशी जास्तीत जास्त ०·२ वॉट शक्ती द्यावी अशी अपेक्षा असते. ड्युप्लेक्सरचा ऱ्हास २·५ डेसिबेल असेल, तर त्यासाठी आधीच्या विवर्धकाला सु. ०·३६ वॉट निर्माण करावे लागतात. विवर्धकाची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर विद्युत् घटातून सु. ०·४ वॉट केवळ या ऱ्हासापायी जातात आणि हातातील यंत्र तापते ते वेगळेच.

ग्राहीच्या बाजूचे नुकसान याहून गंभीर असते. पहिल्या विवर्धकापूर्वी क्षीण झालेला संकेत पुढे कितीही वाढविला, तरी त्याबरोबर गोंगाटही वाढतो. त्यामुळे आधी गमावलेले काहीच भरून निघत नाही. ड्युप्लेक्सरमधील प्रत्येक डेसिबेल ग्राहीच्या संवेदनक्षमतेतून जसाच्या तसा वजा होतो. मोकळ्या अवकाशात संकेताची शक्ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, परंतु झाडी व चढउतार असलेल्या मुलखात ती साडेतिनाव्या घाताच्या आसपास घटते असा अनुभव आहे. या हिशेबाने दोन्ही दिशांत २ डेसिबेल वाचले, तर मनोऱ्याच्या पोचेची त्रिज्या सु. १४ टक्क्यांनी व क्षेत्र सु. ३० टक्क्यांनी वाढते. पूर्णेच्या सपाट खोऱ्यात, जेथे एका मनोऱ्याची हद्द संपण्यापूर्वीच दुसऱ्याची सुरू होते, तेथे हा फरक कोणाच्या ध्यानात येणार नाही. धारणी व चिखलदरा तालुक्यांत मात्र तो एखाद्या पाड्याला सेवा मिळणे वा न मिळणे यांतला फरक ठरू शकतो. मेळघाट हा १९७३-७४ मधील पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असल्याने तेथील जंगलात नवा मनोरा, त्याचा रस्ता व वीजवाहिनी या प्रत्येकास वनविषयक परवानगी लागते. त्यामुळे आहे त्याच मनोऱ्याची पोच वाढविण्यास तेथे विशेष मोल आहे. बोलण्यासाठी गावालगतच्या टेकाडावर चढून जाणारा कोरकू तरुण वस्तुतः काही डेसिबेलच मिळवीत असतो.

ऱ्हास इतका महाग असताना छानक घालायचाच कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. प्रेषकाची शक्ती ०·२ वॉट असताना ग्राहीला ओळखावा लागणारा संकेत एका वॉटच्या दहा लाख कोटीव्या भागाइतका (१०⁻¹³ वॉट) क्षीण असू शकतो. म्हणजे या दोहोंत दोन लाख कोटी पटींची तफावत असते. प्रेषक व ग्राही यांमध्ये जो अटकाव लागतो त्याला विलगता म्हणतात. भ्रमणध्वनीत ती ५० डेसिबेल किंवा जास्त ठेवतात, म्हणजे प्रेषकाच्या शक्तीचा जेमतेम एक लक्षांश भाग ग्राहीकडे पोचतो. उरलेली प्रेषणशक्ती वेगळ्या कंप्रतेची असल्याने पुढील टप्प्यांत ती बाजूला काढता येते. प्रेषकाच्या विवर्धकातून निघणारा व नेमका ग्रहणाच्या कंप्रतेवर पडणारा गोंगाट मात्र एकदा ग्राहीत शिरला की, कशानेही निराळा करता येत नाही. त्याला अडविण्याची जागा एकच, ती म्हणजे ड्युप्लेक्सर.

ऱ्हासाचे मूळ : छानक हा अनुस्पंदकांचा (विशिष्ट कंप्रतेस जोराने कंप पावणाऱ्या घटकांचा) बनलेला असतो. झोपाळ्याला एकदा झोका दिल्यावर तो किती वेळ हलत राहतो यावरून त्यातील घर्षण कळते. त्याचप्रमाणे अनुस्पंदकात साठविलेली ऊर्जा प्रत्येक आवर्तनात किती कमी वाया जाते हे त्याच्या गुणता गुणांकावरून कळते. ऊर्जा छानकातून पार होण्यापूर्वी प्रत्येक अनुस्पंदकात काही आवर्तने घुटमळते व तेवढ्या वेळात तिचा काही अंश रोधात जिरतो. म्हणून छानकाचा ऱ्हास तीन गोष्टींवर ठरतो : अनुस्पंदकांची संख्या वाढली की तो वाढतो, पट्टा अरुंद केला की वाढतो आणि गुणता गुणांक वाढला की त्या प्रमाणात कमी होतो. वर सांगितलेल्या २५ मेगॅहर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यासाठी तीन अनुस्पंदकांचा साधा छानक घेतला आणि गुणांक १,००० असला, तर मध्यभागी सु. ०·६ डेसिबेल ऱ्हास होतो. गुणांक १०० असला, तर तोच ६ डेसिबेलच्या वर जातो, म्हणजे तीन चतुर्थांश शक्ती छानकातच संपते. या एका आकडेमोडीत पुनर्विन्यासक्षम ड्युप्लेक्सरची सारी अडचण सामावलेली आहे. सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेल्या प्रवर्तकाचा (तारेच्या वेटोळ्यासारख्या घटकाचा) गुणांक १० ते २० असतो. विद्युत् दाबाने धारणा बदलणाऱ्या व्हॅरॅक्टर डायोडाचा या कंप्रतांना काही दशकांत मोजण्याइतका. स्फटिकावरील ध्वनितरंगांच्या अनुस्पंदकाचा १,००० वा त्याहून अधिक. हवेने भरलेल्या धातूच्या पोकळीचा कित्येक हजार. जे सहज बदलता येते त्याचा गुणांक कमी असतो आणि ज्याचा गुणांक जास्त असतो ते बदलायला अवघड असते.

पोकळी अनुस्पंदक व वऱ्हाडातील उष्णता : ऱ्हास कमी ठेवण्याची सर्वांत जुनी व आजही सर्वांत भरवशाची रीत म्हणजे धातूच्या पोकळ्या वापरणे. डोंगरमाथ्यावरील पुनःक्षेपक केंद्रांत (एका कंप्रतेवर ऐकून तेच दुसऱ्या कंप्रतेवर पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रांत) त्या उभ्या नळकांड्यांच्या रूपात दिसतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सु. १,११८ मी. उंचीवर आहे, पायथ्याचे पूर्णा खोरे त्याहून सु. ८०० मी. खाली. एवढ्या उंचीवरून रेडिओ क्षितिज सु. ११५ किमी. अंतरावर येते व अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरे त्या टप्प्यात पडतात. (माथ्यामागील सिपना नदीच्या खोऱ्याला मात्र तेच डोंगर आड येतात.) अशा केंद्राची कल्पना करून हौशी रेडिओचालकांच्या १४४ ते १४६ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्याचे उदाहरण घेऊ. येथे प्रेषण व ग्रहण यांत अवघे ०·६ मेगॅहर्ट्‌झचे अंतर ठेवण्याची प्रथा आहे. पाव तरंगलांबीचे नळकांडे सु. अर्धा मीटर लांब होते. प्रत्येक बाजूस दोन वा तीन अशी चार ते सहा नळकांडी जोडली की, ८० डेसिबेल किंवा अधिक विलगता व सु. १ ते १·५ डेसिबेल ऱ्हास मिळतो.

या नळकांड्यांत उच्च कंप्रतेचा प्रवाह धातूच्या केवळ पृष्ठभागातून वाहतो. १४५ मेगॅहर्ट्‌झला तांब्यात तो सु. ५·५ मायक्रोमीटर खोलीपर्यंतच शिरतो, ९०० मेगॅहर्ट्‌झला २·२ मायक्रोमीटरपर्यंत. म्हणून आतील पृष्ठास चांदीचा मुलामा देतात. चांदीची संवाहकता तांब्याहून सहा टक्क्यांच्या आसपासच अधिक असल्याने केवळ धातू बदलून ऱ्हासात सु. तीन टक्केच फरक पडतो. मुलाम्याची खरी कामगिरी पृष्ठ गुळगुळीत व सांधे स्वच्छ राखण्याची आहे. सर्वाधिक प्रवाह नळकांड्याच्या बंद टोकाशी असतो. तेथील सांधा सैल वा मळकट असला, तर उत्तम धातूही वाया जातो. जुन्या ड्युप्लेक्सरचा ऱ्हास अचानक वाढल्यास अनुभवी तंत्रज्ञ प्रथम हे सांधे तपासतो, ते याच कारणाने.

उष्णतेचे दोन परिणाम होतात. तापमान ३५° से. ने वाढले की तांब्याचा रोध सु. १४ टक्क्यांनी वाढतो. पृष्ठीय ऱ्हास रोधाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने गुणांक सहा-सात टक्क्यांनी उतरतो. हा परिणाम सोसण्याजोगा आहे. दुसरा तसा नाही. तांबे दर अंशास दशलक्षात सु. १७ भाग प्रसरण पावते. वऱ्हाडात हिवाळ्यातील पहाटेचे १०° से. व मे महिन्यातील दुपारचे ४५° से. असा फरक धरला, तर १४५ मेगॅहर्ट्‌झची पोकळी सु. ८६ किलोहर्ट्‌झने खाली सरकते. दोन्ही पट्ट्यांमधील अंतरच ६०० किलोहर्ट्‌झ असताना सातवा हिस्सा ऋतुबदलातच गेला! पत्र्याच्या छपराखालील खोलीत तर तापमान याहूनही चढते. परिणामी छानक आपल्याच संकेताला आडवा येतो, ऱ्हास वाढतो व विलगता घटते. म्हणून मधल्या दांड्याची लांबी इन्व्हार या निकेल-पोलाद मिश्रधातूने निश्चित करतात. त्याचे प्रसरण तांब्याच्या दशांशाहूनही कमी असते. जेथे हा खर्च टाळलेला असतो तेथे उन्हाळ्यात एकदा व हिवाळ्यात एकदा नळकांडी पुन्हा जुळवावी लागतात. पुनर्विन्यासाचा हा आद्य प्रकार म्हणावा लागेल : हाताने, पान्याने, वर्षातून दोनदा.

भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांवर याच तत्त्वाचे, पण आटोपशीर ॲल्युमिनियमच्या पेटीत कोरलेले छानक असतात. पूर्वी ही पेटी मनोऱ्याच्या पायथ्याशी खोलीत असे व तेथून आकाशकापर्यंत जाड केबल जाई. त्या केबलीत १,८०० मेगॅहर्ट्‌झला दर १०० मीटरला सु. ६ डेसिबेल, म्हणजे ४० मी. उंचीच्या मनोऱ्यावर सु. २·४ डेसिबेल ऱ्हास होई. आता प्रेषक-ग्राही आकाशकाशेजारी वरच बसवितात व हा ऱ्हास जवळजवळ नाहीसा होतो. ड्युप्लेक्सरमध्ये दशांश डेसिबेलसाठी झटणाऱ्याला येथे जागा बदलताच दोन डेसिबेल मिळाले. मात्र त्यासाठी पेटीला उघड्या उन्हात राहावे लागते. ॲल्युमिनियमचे प्रसरण तांब्याहूनही जास्त, दर अंशास दशलक्षात सु. २३ भाग, ५०° से. च्या फरकाने ९०० मेगॅहर्ट्‌झचा पट्टा सु. १ मेगॅहर्ट्‌झ सरकेल. पेटी एका धातूची व आतील दांडे कमी प्रसरणाच्या दुसऱ्या धातूचे घेऊन हे सरकणे बरेचसे फेडून टाकतात.

भ्रमणध्वनीतील ध्वनितरंग छानक : अर्ध्या मीटरचे नळकांडे खिशात मावणार नाही. विद्युत् संकेताचे दाबविद्युत् स्फटिकाच्या साहाय्याने ध्वनितरंगात रूपांतर केले की, त्याचा वेग व त्यामुळे तरंगलांबीही सु. एक लक्षांश होते आणि अनुस्पंदक मायक्रोमीटरमध्ये मोजण्याइतका लहान करता येतो. स्फटिकाच्या पृष्ठावर तरंग निर्माण करणारे, परस्परांत गुंतलेल्या कंगव्यांसारखे विद्युत् अग्र १९६५ मध्ये व्हाइट व व्होल्टमर यांनी मांडले. पुढे ॲल्युमिनियम नायट्राइडाच्या पातळ पटलाच्या जाडीतून ध्वनितरंग नेणारा अनुस्पंदक आला व २००१ च्या सुमारास त्याचे ड्युप्लेक्सर भ्रमणध्वनीत बसू लागले. यांचा ऱ्हास सर्वसाधारणपणे १·५ ते ३ डेसिबेल असतो.

उष्णता यांनाही सोडत नाही. साध्या पृष्ठतरंग छानकाची कंप्रता दर अंशास दशलक्षात सु. ४० भाग घटते. उन्हात ठेवलेल्या यंत्राचे अंतर्भाग ४०° से. ने तापले, तर १,८०० मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात हे सरकणे सु. २·९ मेगॅहर्ट्‌झ होते; तेथे प्रेषण व ग्रहण यांमधील मोकळी जागा २० मेगॅहर्ट्‌झच आहे. त्यामुळे अभिकल्पकाला (आराखडा करणाऱ्याला) सरकण्यासाठी जागा सोडून पट्ट्याच्या कडा अधिक उभ्या कराव्या लागतात व उभ्या कडांची किंमत ऱ्हासात द्यावी लागते. तापल्यावर बहुतेक पदार्थ मऊ पडतात. सिलिकॉन डाय-ऑक्साइड याला अपवाद असून ते काहीसे ताठ होते. स्फटिकावर त्याचा थर देऊन हे सरकणे बव्हंशी नाहीसे करतात.

पट्टा आणि मोकळी जागा यांची ओढाताण ७०० मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात विशेष दिसते. हा पट्टा झाडी-डोंगरांतून दूरवर पोचणारा असल्याने ग्रामीण सेवेस मोलाचा आहे. जुलै २०२२ मध्ये मंजूर झालेल्या, सेवेपासून वंचित अशा २४,६८० गावांच्या योजनेचे काम सोपविलेल्या भारत संचार निगमला हा पट्टा दिलेला आहे. भ्रमणध्वनीचे प्रेषण ७०३ ते ७४८ व ग्रहण ७५८ ते ८०३ मेगॅहर्ट्‌झ. म्हणजे ४५ मेगॅहर्ट्‌झच्या दोन रुंद पट्ट्यांत फक्त १० मेगॅहर्ट्‌झची फट. एका छानकाने हे साधणे कठीण, म्हणून पट्ट्याचे प्रत्येकी ३० मेगॅहर्ट्‌झचे, एकमेकांवर चढलेले दोन भाग करतात (७०३–७३३ व ७१८–७४८) आणि प्रत्येकास स्वतंत्र ड्युप्लेक्सर ठेवून गरजेप्रमाणे एक निवडतात. फट १० ऐवजी २५ मेगॅहर्ट्‌झची होते व ऱ्हास कमी पडतो. पुनर्विन्यासाने ऱ्हास वाढण्याऐवजी घटल्याचे हे उदाहरण लक्षणीय आहे.

पुनर्विन्यासाचे मार्ग : एकच यंत्र आज्ञावलीच्या बळावर हव्या त्या रेडिओ पद्धतीचे काम करील, ही कल्पना जोसेफ मिटोला यांनी १९९० नंतरच्या दशकात मांडली. संगणनाचा भाग त्याप्रमाणे बदलता झाला. आकाशकाजवळचा भाग मात्र मागे राहिला. अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्यास जाणाऱ्या प्रवाशाचा भ्रमणध्वनी वाटेत ८५०, ९००, १,८०० किंवा २,१०० मेगॅहर्ट्‌झ अशा निरनिराळ्या पट्ट्यांत जाऊ शकतो. त्यासाठी त्यात प्रत्येक पट्ट्याचा ठरीव ड्युप्लेक्सर असतो आणि स्विच योग्य तो निवडतो. हा मार्ग ओबडधोबड वाटला तरी बाजारात तोच टिकला आहे. निरोधक थरावरील सिलिकॉनच्या स्विचाचा ऱ्हास ०·३ ते ०·५ डेसिबेल असतो आणि तेवढा देऊन गुणांक हजाराच्या घरातील अनुस्पंदक वापरता येतात. पट्टे वाढत गेले की, स्विचाच्या शाखा व त्यांबरोबर ऱ्हास वाढतो, ही त्याची मर्यादा होय.

खऱ्या अर्थाने बदलत्या ड्युप्लेक्सरमध्ये अनुस्पंदकाचे धारित्रच बदलते असते. कंप्रता धारणेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून ७०० ते २,७०० मेगॅहर्ट्‌झ एवढा आवाका गाठण्यास धारणा सु. १५ पट बदलावी लागेल. ध्वनितरंग अनुस्पंदक तर काही टक्क्यांपलीकडे ओढताच येत नाही. धातूच्या सूक्ष्म पट्ट्या विद्युत् आकर्षणाने जवळ-दूर करणारी सूक्ष्मयांत्रिक धारित्रे व्हॅरॅक्टरापेक्षा बरीच सरस आहेत, कारण त्यांत अर्धसंवाहकाचा रोध नसतो. परंतु ती मंद असून त्यांस उच्च दाब लागतो.

येथे एक फसवी वाट आहे. सबंध पट्टा एकाच वेळी न पेलता, वापरात असलेल्या १० मेगॅहर्ट्‌झच्या वाहिनीपुरता अरुंद छानक ठेवून तोच हलवीत न्यावा, असे प्रथमदर्शनी वाटते. पण पट्टा अरुंद केला की ऱ्हास वाढतो, हे वर पाहिलेच आहे. २५ ऐवजी १० मेगॅहर्ट्‌झ केल्यास तो अडीच पट होईल. यातून निघण्याची युक्ती डोंगरावरच्या नळकांड्यांनी पूर्वीच दाखविली होती : हवे ते निवडून नेण्याऐवजी नको तेवढेच अडवावे. मुख्य मार्गाच्या बाजूला टांगलेला अनुस्पंदक स्वतःच्या कंप्रतेला खोल खाच पाडतो. जाऊ द्यायची कंप्रता तिच्यापासून दूर असल्याने तिची ऊर्जा अनुस्पंदकात फारशी घुटमळत नाही व ऱ्हासही कमी राहतो. प्रेषकाच्या शाखेतील खाच ग्रहणाच्या वाहिनीवर आणि ग्राहीच्या शाखेतील खाच प्रेषणाच्या वाहिनीवर ठेवून दोन्ही एकदम हलवितात. मध्यम गुणांकाच्या घटकांतून उपयुक्त ड्युप्लेक्सर मिळविण्याचा हा मार्ग सर्वांत समंजस वाटतो.

दुसरा मार्ग छानकावरील ओझे उतरविण्याचा. प्रेषित संकेताचा अंश बाजूला घेऊन, त्याची पातळी व कला (तरंगाची आवर्तनातील अवस्था) जुळवून, ग्राहीच्या तोंडाशी तो वजा करतात. यामुळे विलगतेचा काही भाग छानकाबाहेर मिळतो व पाच अनुस्पंदकांच्या जागी तीन पुरतात. साध्या छानकात एवढ्याने ऱ्हास सु. ३८ टक्क्यांनी घटतो. ३० डेसिबेल वजाबाकी हवी असेल, तर पातळी तीन टक्क्यांत व कला दोन अंशांच्या आत जुळावी लागते. हात आकाशकाजवळ नेताच हे जुळणे बिघडते, म्हणून ते सतत मोजून सुधारावे लागते.

घरगुती तारेच्या दूरध्वनीत स्वतःचाच आवाज कर्णिकेत मोठ्याने येऊ नये म्हणून तीन गुंडाळ्यांचे रोहित्र व तारेच्या संरोधाची नक्कल करणारे समतोल मंडल असे. हीच योजना रेडिओत आणली की, छानकाविनाच विलगता मिळते आणि समतोल मंडल बदलून हव्या त्या कंप्रतेस काम करता येते. परंतु शक्तीची विभागणी अटळ असते : प्रेषणात निम्मी समतोल मंडलात जाते, ग्रहणातही निम्मी, म्हणजे दोन्हीकडे ३ डेसिबेल. विभागणी विषम करता येते. प्रेषणाचा ऱ्हास १·२५ डेसिबेलवर आणला, तर ग्रहणाचा ६ डेसिबेल होतो. एकाला दिलेले दुसऱ्याकडून घ्यावे लागते. हे बंधन परिसंचारक (संकेताला एकाच दिशेने पुढच्या दाराकडे नेणारे साधन) पाळीत नाही, मात्र त्यास आजवर फेराइट व चुंबक लागत. कोलंबिया विद्यापीठातील नेगार रैसकरिमियन व हरीश कृष्णस्वामी यांनी २०१६ मध्ये स्विच ठरावीक क्रमाने उघडझाप करून चुंबकाविना हे कार्य सिलिकॉनवर घडवून दाखविले. मोठ्या प्रेषणशक्तीस अशा स्विचांनी विरूपणाविना तोंड देणे हा त्यातील खरा कठीण भाग आहे.

कालविभाजन : ड्युप्लेक्सरचा ऱ्हास टाळण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे ड्युप्लेक्सरच काढून टाकणे. प्रेषण व ग्रहण एकाच कंप्रतेवर पाळीपाळीने केले की, जोडीऐवजी एक छानक व एक स्विच पुरतो. भारतातील २,३०० व ३,३०० मेगॅहर्ट्‌झचे पट्टे असेच चालतात. दूरचित्रवाणीच्या रिकाम्या वाहिन्यांतून आंतरजाल पुरविण्याच्या प्रयोगांतही हीच रीत असते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखविले की, ४७० ते ५९० मेगॅहर्ट्‌झमधील १५ वाहिन्यांपैकी निदान १२ भारतात जवळजवळ सर्वत्र रिकाम्या आहेत; पालघर जिल्ह्यातील खेड्यांत त्यांनी तशी चाचणीही केली. धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ च्या सुमारास राज्य शासनाने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साहाय्याने ‘डिजिटल गाव’ म्हणून हाती घेतले, तेव्हाही या तंत्राची चर्चा झाली होती. पुढे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत त्या गावातील सोयींच्या प्रत्यक्ष स्थितीवर जाहीर वादही झाला. या पट्ट्याचा आवाका लहान, धारणेत जेमतेम १·६ पट बदल मागणारा. तेव्हा बदलत्या छानकास तो अनुकूल आहे.

तथापि कालविभाजन फुकट नाही. भ्रमणध्वनीची शक्ती ठरलेली असते व तो सर्व वेळ न बोलता पाळीपुरताच बोलतो. मोठ्या शहरांना सोयीची म्हणून मनोऱ्याला अधिक व भ्रमणध्वनीला एकूण वेळाचा जेमतेम पाचवा हिस्सा अशी वाटणी केली, तर त्याची सरासरी प्रेषित ऊर्जा ७ डेसिबेलने घटते. वाटणी समसमान असली तरी ३ डेसिबेलने. ड्युप्लेक्सर काढून वाचलेले दोनएक डेसिबेल याच्या पुढे थोडे ठरतात. अमरावती शहरात मनोरा हाकेच्या अंतरावर असतो आणि ही तूट जाणवत नाही. सेमाडोहच्या पलीकडे, जेथे भ्रमणध्वनी आपली सर्व शक्ती लावूनही मनोऱ्यापर्यंत कसाबसा पोचतो, तेथे कमी कंप्रतेचा पट्टा व कमी ऱ्हासाचा ड्युप्लेक्सर ही जोडीच अधिक उपयोगी पडते.